केमो चालू असताना मशरूमच्या कॅप्सूल द्याव्यात का?

सासऱ्यांना पोटाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. एका नातेवाईकांनी शिताके मशरूमच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्यात, डबीवर "५०% पॉलिसॅकराइड" लिहिलंय आणि जपानमध्ये हेच औषध म्हणून देतात असं ते सांगतात. घरात सगळ्यांचं "देऊन बघू, नुकसान तर नाही ना" चाललंय. कोणाला नीट माहिती आहे का?

उत्तर १:
ताई, जपानचं खरंय पण अर्धंच. शिताकेतून लेन्टिनान हे बीटा ग्लुकन (पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, त्यातलाच हा एक प्रकार) टोकियोत गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं काढलं, १९६९ मध्ये उंदरांवरचे रिझल्ट छापून आले आणि १९८५ ला तिथे पोटाच्या कॅन्सरमध्ये केमोच्या जोडीला द्यायची परवानगी मिळाली. पण ते शुद्ध केलेलं इंजेक्शन होतं, शिरेतून द्यायचे! रेणू इतका मोठा असतो की गिळल्यावर आतड्यातून रक्तात जेमतेमच जातो, त्यामुळे इंजेक्शनचे रिझल्ट कॅप्सूलला लावता येत नाहीत.

उत्तर २:
वरच्यांशी सहमत. बीटा ग्लुकन मुळात बुरशीच्या पेशीभित्तिकेत असतं, आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचा रिसेप्टर असतो तो ते ओळखतो आणि पेशी बुरशी आल्यासारख्या सावध होतात. आतड्याच्या अस्तरातही अशा पेशी असतात म्हणून तोंडाने घेऊन शून्य परिणाम असं मी म्हणणार नाही, पण सावध होणं वेगळं आणि कॅन्सर आटोक्यात येणं वेगळं. आणि तो ५०% चा आकडा बघून भुलू नका, स्टार्चसुद्धा पॉलिसॅकराइडच! धान्यावर वाढवलेली बुरशी धान्यासकट दळली की आकडा आपोआप फुगतो. बीटा ग्लुकन वेगळं लिहिलंय का ते बघा.

प्रश्नकर्ती:
धन्यवाद, डबीवर बीटा ग्लुकन वेगळं कुठेच नाहीये. मग नुसती मशरूमची भाजी चालेल का?

उत्तर ३:
आम्ही धिंगरी मशरूम लावतो, भाताच्या पेंढ्यावर. भाजी खाऊ दे की, पण ताजी आणि पूर्ण शिजवलेली, केमोत कच्चं काही नकोच. शिताके असेल तर जास्तच काळजी घ्या, अर्धवट शिजलेली खाल्ली की काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखं लाल पुरळ येतं आणि ते याच लेन्टिनानमुळे येतं असं मानतात, म्हणजे "नुकसान तर नाही" हेही धरून चालू नका. कॅप्सूल सुरू करायच्या आधी डबी घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा, चालू औषधांची यादीपण सोबत न्या.