‘ख्रिस्तराजा’मधला राजा नेमका कोणता?

कोलबाडकर: नोव्हेंबरात ठाण्यात एका चर्चबाहेर ‘ख्रिस्तराजाचा सण’ असा फलक वाचला. आपल्याकडे ‘राजा’ फार सढळ हाताने वापरतात. बाळाला ‘झोप रे राजा’, दिलदार असला की ‘राजामाणूस’, शेतकरी बळीराजा, गणपतीत तर नाक्यानाक्यावर एकेक राजा. हा राजा त्यातलाच, की खरोखर गादीवरचा?

नेरूळची वाचक: मानाचाच असणार. आपण विठुराया म्हणतो तसा.

चरईकर: नाही हो, नुसता मानाचा नाही. आम्ही चर्चला जाणारे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘ख्रिस्त’ हे येशूचं आडनाव नव्हे. ग्रीक ‘ख्रिस्तोस’ म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. हिब्रूतला ‘मशीहा’ तोच. प्राचीन इस्राएलात राजा नेमताना डोक्यावर तेल ओतत. शमुवेल या संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याने, आधी शौल राजाला, मग दावीद राजाला असाच अभिषेक केला. याजकांनाही (पुरोहितांनाही) करत, पण लोक वाट बघत होते ती दाविदाच्या गादीवर बसणाऱ्याची. तेव्हा ‘ख्रिस्त’मध्ये राजा आधीच आहे. ‘ख्रिस्तराजा’ म्हणजे तसं पाहिलं तर पिवळा पितांबर.

सण मात्र जुना नाही. पोप पायस अकरावे यांनी तो १९२५ साली सुरू केला. पहिल्या महायुद्धात जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया इथल्या गाद्या गेल्या होत्या आणि धर्माला सार्वजनिक जीवनातून बाहेर काढू पाहणाऱ्या सरकारांचा जोर होता. त्यांना हे उत्तर होतं. आधी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९च्या सुधारणेपासून आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांच्या, आदल्या रविवारी येतो. प्रॉटेस्टंट मंडळींत सगळेच पाळत नाहीत, पण येशू राजा आहे याबद्दल कुणाचं दुमत नाही.

ऐरोलीकर: मग प्रजेने करायचं काय? कर भरायचा? आपल्याला राज्यघटना आहे की.

चरईकर: कर सरकारलाच! हा प्रश्न येशूलाही विचारला होता, अडकवायलाच. त्याने नाणं मागवलं, त्यावर मुखवटा कुणाचा ते विचारलं आणि म्हणाला, कैसराचं (रोमन सम्राटाचं) कैसराला द्या, देवाचं देवाला.

गोंधळ ‘राज्य’ शब्दाने होतो. ‘महाराष्ट्र राज्य’ म्हटलं की नकाशा दिसतो. ‘तुझे राज्य येवो’ या प्रार्थनेत नकाशा नाही, ‘राज्य करणे’मधलं राज्य आहे. घरात, धंद्यात, भावकीच्या भांडणात शेवटचा शब्द त्याचा. क्षमा कर म्हणून सांगितलंय, तर जमिनीवरून भावाशी कोर्टात तारखा चालू असल्या तरी त्याच्या आजारपणात डबा घेऊन जायचं. सगळ्यांना जमतं असं नाही. रविवारी ‘राजा’ आणि सोमवारी ‘बघू’ असे आमच्यातही पुष्कळ.

कोलबाडकर: म्हणजे राजा बोले, दळ हाले?

नेरूळची वाचक: शुभवर्तमान, म्हणजे बायबलातलं येशूचं चरित्र, काढून वाचलं. विठुरायाची तुलना मागे घेते, पण ही म्हणही इथे बसत नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक येशूला धरून राजा करायला निघाले, तर हा डोंगरात निघून गेला. यरुशलेमात आला तो गाढवावर बसून. शिष्यांचे पाय स्वतः धुतले. त्याच्या तोंडी आहे की राज्यकर्ते लोकांवर धनीपण गाजवतात, तुमच्यात तसं नको. मोठं व्हायचं त्याने सेवक व्हावं. असला राजा मानणं हुकूम पाळण्यापेक्षा अवघड. हुकमाला निदान पळवाट काढता येते.

बाळकुमकर: गावठाणांतल्या जुन्या क्रुसांवर वरच्या पट्टीत चार रोमन अक्षरं दिसतात : आय, एन, आर, आय. लॅटिन वाक्याची आद्याक्षरं : ‘नासरेथकर येशू, यहूद्यांचा राजा’. योहानाच्या शुभवर्तमानानुसार येशूच्या क्रुसावरची मूळ पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. मुख्य याजक पिलात या रोमन सुभेदाराकडे गेले, की ‘यहूद्यांचा राजा’ असं लिहू नका, ‘मी राजा आहे असं हा म्हणाला’ असं लिहा. पिलात म्हणाला, मी लिहिलं ते लिहिलं. पाटीचा हेतू आरोप सांगण्याचा, थोडा खिजवण्याचाही असेल. ख्रिस्ती माणूस मात्र तीच पाटी खरी धरून चालतो.

ऐरोलीकर: हे पटलं. आता आणखी एक. मराठी बायबलात येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना ‘राजकीय याजकगण’ म्हटलंय. चर्चचा राजकारणाशी काय संबंध?

चरईकर: काही नाही. तिथे ‘राजकीय’ म्हणजे राजाचा, राजाशी नातं असलेला. कॅथलिक स्नानसंस्कारात (बाप्तिस्म्यात) बाळाच्या डोक्यावर पवित्र तेल लावतात, तेव्हाच्या प्रार्थनेतही ख्रिस्ताबरोबर याजक, संदेष्टा आणि राजा अशी तिन्ही पदं येतात. प्रजेलाही राजपणात वाटा, असा तो अर्थ.

कोलबाडकर: पण आज ‘राजकीय’ वाचून कोण असं समजेल? ‘राजस’ केलं तर?

नेरूळची वाचक: नको. ‘राजस’ म्हणजे देखणा, नाहीतर रजोगुणी. त्यापेक्षा सरळ ‘राजाचे याजक’ लिहावं.

चरईकर: ‘राजाचे याजक’मध्ये ते नुसते नोकर होतात, वाटा राहत नाही. ‘राजपदाचे याजक’ कसं वाटतं?