जुन्या संगणकावरील थंडरबर्डमधील ईमेल नव्या संगणकावर कसे न्यावेत?

प्रश्न:
आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातील विंडोज संगणक लवकरच बदलायचा आहे. त्यावरील थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममध्ये सभासद, उपनिबंधक कार्यालय आणि कंत्राटदार यांच्याशी झालेला अनेक वर्षांचा पत्रव्यवहार आहे. खाते पॉप पद्धतीचे असून उतरवून घेतलेले संदेश सर्व्हरवर राहत नाहीत, त्यामुळे जुने संदेश या एका हार्ड डिस्कखेरीज कोठेही नाहीत. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप पेनड्राइव्हवर घेतले, परंतु त्यांत ईमेल सापडले नाहीत. ते कोठे असतात?

पहिले उत्तर:
थंडरबर्ड आपले सर्व काही ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि तो अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरच्या आत असल्यामुळे सहसा नजरेस पडत नाही. हेल्प मेनूतील ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये ‘प्रोफाइल फोल्डर’समोरचे बटण दाबले की तो थेट उघडतो. त्यानंतर थंडरबर्ड पूर्णपणे बंद करावा आणि मगच तो फोल्डर जसाच्या तसा उचलावा, कारण प्रोग्राम चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट राहू शकते. पॉप खात्याचे संदेश ‘मेल’ या उपफोल्डरमध्ये असतात, परंतु तेवढेच घेतले तर पत्त्यांची वही, संदेशांचे फिल्टर आणि खात्याची मांडणी मागे राहील.

प्रश्नकर्ता:
प्रोफाइल सापडले, आभारी आहे. मात्र पेनड्राइव्हवर पुरेशी जागा असूनही ‘इनबॉक्स’ नावाची फाइल खूप मोठी असल्याचे सांगून कॉपी थांबते.

दुसरे उत्तर:
आपला पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. त्या पद्धतीत एकच फाइल ४ जीबीपर्यंतचीच असू शकते, आणि थंडरबर्ड सामान्यतः एका फोल्डरमधील सगळे संदेश, जोडलेल्या फायलींसह, एमबॉक्स प्रकारच्या एकाच फाइलमध्ये साठवतो. त्यावरील इतर मजकूर दुसरीकडे हलवून पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावा. खोडलेले संदेशसुद्धा फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत त्या फाइलमध्ये जागा अडवून राहतात, परंतु एक पूर्ण प्रत हाती येईपर्यंत कॉम्पॅक्ट करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शिवाय, थंडरबर्डमधील पासवर्डांना संरक्षण देणारा ‘मुख्य पासवर्ड’ लावलेला नसेल तर जतन केलेले पासवर्डही या प्रतीतून वाचता येतात. म्हणून पेनड्राइव्ह कार्यालयाच्या कुलपातच असावा.

तिसरे उत्तर:
नव्या संगणकावर थंडरबर्डची तीच किंवा त्यानंतरची आवृत्ती बसवावी, कारण नव्या आवृत्तीत वापरलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती सहसा उघडू देत नाही. प्रत आधी पेनड्राइव्हवरून हार्ड डिस्कवर उतरवावी. मग ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधूनच प्रोफाइलांची यादी उघडून नवे प्रोफाइल तयार करताना ‘चूज फोल्डर’ने हा उतरवलेला फोल्डर दाखवावा आणि त्याच प्रोफाइलने थंडरबर्ड सुरू करावा. एखाद्या फोल्डरमधील यादी रिकामी किंवा विस्कळीत दिसली तर घाबरू नये. एमएसएफ या नावान्ताच्या फायली केवळ सूची असतात आणि फोल्डरच्या गुणधर्मांत ‘रिपेअर फोल्डर’ दाबले की ती सूची मूळ संदेशांवरून पुन्हा बांधली जाते. प्रत्येक फोल्डरमधील संदेशांची संख्या जुन्या संगणकाशी ताडून पाहावी आणि सर्वांत जुन्या पत्रांपैकी काहींच्या जोडलेल्या फायली प्रत्यक्ष उघडाव्यात. तोपर्यंत जुना संगणक विक्रेत्याला देऊ नये.

चौथे उत्तर:
यापुढे खाते आयमॅप पद्धतीचे, म्हणजे संदेश सर्व्हरवरच ठेवणारे, करावे, असे कोणी सुचवील आणि दोन संगणकांवर तोच पत्रव्यवहार दिसावा यासाठी ते सोयीचेही आहे. परंतु त्याला बॅकअप समजू नये, कारण सर्व्हरवर एखादा संदेश खोडला गेला की तो संगणकावरूनही नाहीसा होतो. वार्षिक सर्वसाधारण सभेचा पत्रव्यवहार आटोपला की त्या वर्षाचे संदेश ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, म्हणजे केवळ संगणकावर राहणाऱ्या फोल्डरांत, कॉपी करावेत आणि त्यानंतर प्रोफाइलची नवी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी.