टास्क मॅनेजर उघडला की सीपीयू शांत, बंद केला की पुन्हा पंखा घोंगावतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घरचा पीसी आठवडाभर नुसता तापतोय. एकही प्रोग्रॅम उघडा नसताना पंखा घोंगावतो. टास्क मॅनेजर उघडला की क्षणभर सीपीयू 95 टक्के दिसतो, लगेच 4-5 वर येतो आणि पंखाही मंदावतो. बंद केला की दोन मिनिटांत पुन्हा तेच!

मुलाने एका गेमची फुकट कॉपी उतरवली होती. त्यातून क्रिप्टो मायनर (गुपचूप आपला पीसी राबवून दुसऱ्यासाठी डिजिटल चलन कमावणारा प्रोग्रॅम) आला असावा; काही मायनर टास्क मॅनेजर दिसताच गप्प बसतात. साध्या स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही. आईची बँकेची कामं याच मशीनवर होतात, म्हणून खूप काळजी वाटते. नेट काढून ठेवलंय, पासवर्ड मोबाइलवरून बदललेत.

आता ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधी चालणारा) पुरेल, की फॉरमॅटच मारावा? फोटोंचा बॅकअप घेताना तो मायनर पेनड्राइव्हमध्ये शिरेल का?