हांगझोचं सोनं पाहिलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? सोलापूरकरांचे अनुभव

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी यांनी पुरुष दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. बॅडमिंटन या स्पर्धेत आलं १९६२ साली, जकार्त्यात. आपलं या खेळातलं पहिलं सोनं यायला एकसष्ट वर्षं लागली. सोलापुरात रॅकेट हातात धरलेल्या प्रत्येकाकडे त्या दिवसाची काहीतरी आठवण असणार. ती लिहा, शिवाय आपल्या स्वतःच्या स्पर्धांचंही लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही सात-आठ जणी हॉलमध्येच होतो. मोबाइल नेटच्या खांबाला टेकवून ठेवला होता. पहिल्या गेममध्ये कोरियाची जोडी १८-१५ अशी पुढे गेली आणि सगळ्या गप्प झाल्या. मी अकरा वर्षं दुहेरी खेळतेय. मागे पडल्यावर शॉर्ट सर्व्हिस करताना बोटं कशी आखडतात ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या दोघांनी तिथून सलग सहा पॉइंट काढले. २१-१८! दुसरा गेम २१-१६. माझ्या पार्टनरनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी वाकली. ती मी सरळ करून घेतलेली नाही.

अशोक चौक
आमच्या घरी मागावर टॉवेल निघतात. आजीला बॅडमिंटन कळत नाही, पण सात्विक अमलापुरमचा, आमच्यासारखाच घरी तेलुगू बोलणारा, एवढं तिला सांगितलं होतं. मग काय, प्रत्येक स्मॅशला "मनोडु! मनोडु!" म्हणजे आपला पोरगा. मी तिला सांगितलं, अव्वा, दुसरा मुंबईचा आहे. ती म्हणाली, तो पण आपलाच. त्या दिवशी आमचे माग तासभर बंद होते. वडील मजुरीच्या हिशेबाला फार काटेकोर आहेत, पण त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही.

जुळे सोलापूर, निवृत्त शिक्षक
सोनं पहिलं, हे खरं. पण १९८२ चं दिल्ली एशियाड विसरू नका. बॅडमिंटनमध्ये पाच कांस्यपदकं आली होती. एकेरीत सय्यद मोदी, आणि पुरुष दुहेरीत लेरॉय डिसा यांच्या जोडीला आपले प्रदीप गंधे. मी तेव्हा कॉलेजात होतो. पेपरातली कात्रणं वहीत चिकटवायचो. तेव्हा सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा, त्यामुळे मॅच लांबत जायची आणि दमसास लागायचा. मोदी १९८८ मध्ये गेले, त्यांचा लखनौत खून झाला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी खेळायला गेलो नाही. पुढे पुरुष एकेरीत पदक यायला एक्केचाळीस वर्षं गेली. हांगझोत एच. एस. प्रणॉयनं पाठ दुखत असताना मलेशियाच्या ली झी जियाला २१-१६, २१-२३, २२-२० असं हरवलं आणि पदक पक्कं केलं, तेव्हा मी ती जुनी वही काढून बसलो होतो.

होटगी रोड, बारावी
मी शालेय स्पर्धेत विभागापर्यंत गेले. आपला विभाग पुणे. तिथे मी पहिल्या फेरीत हरले आणि कारण मला नंतर सरांनी समजावलं. आम्ही सराव करतो तो हॉल पत्र्याचा. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीसच्या वर, आत त्याहून वाईट. शटल वाहवतं म्हणून पंखे बंद. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे शटल लांब पळतं. म्हणून आम्ही हळू वेगाचं, ७६ नंबरचं वापरायचो आणि टॉस, म्हणजे समोरच्या कोर्टाच्या मागच्या टोकाला जाणारा उंच फटका, नेहमी जरा आवरून मारायचो. विभागाच्या मॅचला थंडी होती. माझे सगळे टॉस अर्ध्या कोर्टात पडत होते आणि समोरची स्मॅश मारत होती. मला वाटत राहिलं की माझा मनगटाचा जोरच गेला. आता मी दोन्ही ऋतूंत वेगवेगळा सराव करते. खेळणाऱ्या लहान मुलींनी हे आधीच समजून घ्या, कुणी आपणहून सांगत नाही.

बार्शी
माझा अनुभव सोन्याचा नाही. १ ऑक्टोबरची सांघिक फायनल, चीनविरुद्ध. लक्ष्य सेन जिंकला, सात्विक-चिराग जिंकले, २-० झाले. प्रणॉय जखमी, बाहेर बसलेला. पुढचे तिन्ही सामने गेले. मुलगा उपाशीच झोपला. पुरुष संघाचं ते या स्पर्धेतलं पहिलं रौप्य, पण नऊ वर्षांच्या पोराला ते कसं पटवणार?

विजापूर रोड, एका खेळाडूची आई
पदकांचं सगळ्यांनी लिहिलंय, मी शटलचं लिहिते. पिसांच्या शटलला सोळा पिसं. एक-दोन तुटली की ते मॅचला चालत नाही, आणि डब्यात बाराच येतात. माझी मुलगी रोज दोन तास खेळते. मी शिवणकाम करते, महिन्याचे डबे परवडत नाहीत. हॉलमधले मोठे खेळाडू वापरलेली शटल आमच्यासाठी बाजूला ठेवतात. ती शटल मी आदल्या रात्री वाफेवर धरते. मग पिसं लवकर मोडत नाहीत. हांगझोची फायनल चालू होती तेव्हाही गॅसवर पातेलं होतं. चिरागनं शर्ट काढून फिरवला की नाही, सात्विक नाचला की नाही, मला काही दिसलं नाही. मुलगी आतून ओरडली, "आई, जिंकले!" आणि माझ्या हातात तिचं उद्याचं शटल होतं.