आईला शुगर निघालीय, खायला काय देऊ?

इंदूरची_लेक: नमस्कार मंडळी, परवा आईचा रिपोर्ट आला, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ८.९ टक्के. वय ५४. डॉक्टरांनी शुगरची गोळी मेटफॉर्मिन दिलीय पण ती नुसती रडतेय, म्हणते पोहे-जलेबी सगळंच सुटलं आता, दोन दिवस फक्त कारल्याची भाजी खातेय. काय करू?

सुदामानगरची काकू: अगं रडू दे थोडं, ११ वर्षांपूर्वी मीपण रडले होते. पण उपाशी नको हं ठेवूस. पोहे खाऊ दे की, वाटीभर, मटार-शेंगदाणे जास्त, शेव अगदी चिमूटभर, जलेबी मात्र नाही. गोळी जेवणासोबत दे नाहीतर पोट बिघडतं, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं फिरायला ने, एकटीला नको पाठवूस.

राजवाडा_५६: ताई, डोळ्यांचा पडदा आत्ताच तपासून घ्या, टाइप २ मधुमेहात (मोठ्या वयात सहसा होतो तो) निदान झाल्याबरोबर बघायचा असतो, आमच्या बाबांचं आम्ही तीन वर्षं टाळलं आणि एका डोळ्याचं दिसणं गेलं, अजून जीव तुटतो. रोज रात्री पायाचे तळवे, बोटांच्या बेचक्या बघा, कुठे जखम नाही ना. एचबीएवनसी म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी असते, आठवड्यात परत करू नका.

इंदूरची_लेक: काकू, तुमचं वाचून दाखवलं तिला. उठून शेंगदाणे भाजतेय. डोळ्यांची अपॉइंटमेंट उद्याच घेते.