डिपस्टिक वर उडते, मागच्या सीलमधून ऑइल येतं – टर्बो गेला की रिंगा?

बूस्टगेज:
मंडळी, डोकं चालेनासं झालंय, जरा बघा. गाडी दोन लिटर चार सिलिंडर टर्बो पेट्रोल, वीस वर्षांच्या पुढची, इंजिन अजून खोललेलं नाही. आयडलला एकदम शांत, काही तक्रार नाही. पण तिसऱ्या गिअरमध्ये जोरात खेचली की नंतर बॉनेट उघडल्यावर डिपस्टिक बोटभर वर आलेली असते आणि आजूबाजूला ऑइलचे शिंतोडे. टॅपेट कव्हरचं गॅस्केट नवीन टाकलं तरी त्याच कोपऱ्यातून परत पाझरायला लागलं, आणि आता इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडतायत, म्हणजे क्रँकचं मागचं सील. सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघालो की मागे थोडा निळसर धूर पण दिसतो.

एक मेकॅनिक म्हणतो बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला गॅस पिस्टनच्या रिंगांवरून खाली येतोय, रिंगा गेल्या, इंजिन काम काढा. दुसरा म्हणतो टर्बो बदला. कॉम्प्रेशन मोजून घेतलंय, चारही सिलिंडर अकरा-साडेअकरा बारच्या आसपास, फारसा फरक नाही. मग प्रेशर येतंय कुठून? इंजिन उघडायच्या आधी घरी काय काय तपासता येईल?

टॉर्कवाला:
निळा धूर + टर्बो = टर्बोचे सील गेले. उगाच वेळ घालवू नका, टर्बो काढून शाफ्ट हलवून बघा, हलत असेल तर विषय संपला.

तेलकट_हात:
टॉर्कवाला भाऊ, एवढी घाई नको. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतात, पिस्टनला असतात तशा बारीक रिंगा असतात आणि टर्बोमधलं ऑइल खाली संपमध्ये (इंजिनच्या तळाचा ऑइलचा डबा) नुसत्या उताराने उतरतं, त्याला मागून ढकलणारं काही नाही. खाली क्रँककेसमध्येच (इंजिनचा खालचा, क्रँक फिरतो तो भाग) प्रेशर भरलं असेल तर ते ऑइल उतरणार कसं? ते टर्बोतच तुंबतं आणि शाफ्टच्या रिंगांवरून एकतर एक्झॉस्टमध्ये नाहीतर इंटरकूलरच्या बाजूला जातं. म्हणजे धूर टर्बोतून येतोय हे खरं असलं तरी दोष टर्बोचाच आहे असं नाही. अशा गाडीत नवा टर्बो टाकला तरी तोही धूर मारतो, मग लोक नव्या टर्बोला शिव्या देत बसतात. आणि ऑइल नसताना शाफ्ट आडवा थोडासा हलणं नॉर्मल आहे. पुढे-मागे हलत असेल किंवा पंखा हाऊसिंगला घासल्याच्या खुणा असतील तर मात्र काळजी.

आता मूळ मुद्दा. क्रँककेसमध्ये प्रेशर वाढायला दोनच रस्ते. एकतर गॅस जास्त तयार होतोय किंवा आत घुसतोय, नाहीतर तयार होणारा नेहमीचाच आहे पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. रिंगांवरून थोडा गॅस प्रत्येक इंजिनात खाली येतोच, अगदी नव्या इंजिनातसुद्धा. तो बाहेर नेण्यासाठी टर्बो पेट्रोलमध्ये साधारण दोन पाइप असतात. आयडलला आणि हलक्या पायाने चालवताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटून देणारा पाइपांचा भाग) व्हॅक्यूम असतो, तेव्हा गॅस पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसचा गॅस एकाच दिशेने सोडणारा वनवे व्हॉल्व्ह) तिकडे ओढला जातो. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, आला की मॅनिफोल्डमध्येच प्रेशर, मग तो व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा आणि गॅस दुसऱ्या, जाड ब्रीदर पाइपने टर्बोच्या आधी, एअर फिल्टरनंतरच्या भागात जायला हवा.

तुमची लक्षणं परत वाचा. आयडलला ठीक, खेचल्यावर प्रेशर. म्हणजे पहिला संशय दोन ठिकाणी: एक, तो वनवे व्हॉल्व्ह बूस्टमध्ये बंद होत नाहीये आणि टर्बोने दाबलेली हवा सरळ क्रँककेसमध्ये घुसतेय. दोन, जाड ब्रीदर किंवा ऑइल सेपरेटर (गॅसमधलं ऑइल वेगळं करणारा डबा) गाळाने बुजलाय. रिंगा तिसऱ्या नंबरला, टर्बो चौथ्या. चारही सिलिंडर सारखे असताना सरळ इंजिन काम सांगणाऱ्या माणसाकडे मी तरी गाडी सोडणार नाही.

आधी मोजा. ऑइलच्या झाकणावर हात ठेवून किंवा हातमोजा बांधून बघणं हे फक्त अंदाजाला ठीक, शिवाय तुमच्या केसमध्ये न्यूट्रलला रेस करून काही कळणार नाही, कारण लोड नसताना टर्बो धड बूस्ट करतच नाही. बूस्टचं गेज पण लावू नका, त्यावर काटा हलणार नाही. एक बार म्हणजे जवळजवळ दहा मीटर पाणी, आणि आपल्याला मोजायचंय ते काही सेंटिमीटर पाण्याएवढं. पारदर्शक नळी घ्या, यू आकारात पट्टीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा, पाण्यात जरासा रंग टाका म्हणजे दिसतं. एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक हे तुमचं रीडिंग, १० सेंटिमीटर म्हणजे साधारण १० मिलीबार. नळी लांब घेऊन खिडकीतून आत आणा, गाडी तुम्ही चालवा आणि रीडिंग शेजारी बसलेल्याने बघायचं, चालवणाऱ्याने नाही. यू उंच ठेवा, नाहीतर व्हॅक्यूम जास्त असला तर पाणी इंजिनात ओढलं जाईल. आयडलला थोडं ओढायला हवं, म्हणजे निगेटिव्ह. बूस्टला शून्याच्या आसपास. नक्की आकडा इंजिनागणिक वेगळा, तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

लीकडाऊन:
तेलकट_हात यांच्याशी बऱ्यापैकी सहमत पण कॉम्प्रेशनचा आकडा चांगला म्हणून रिंगा ठीकच आहेत असं समजू नका. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये स्टार्टरवर इंजिन फिरतं, प्रेशर अकरा-बारा बार. पेटलेल्या सिलिंडरमध्ये, त्यात बूस्टखाली, त्याच्या कितीतरी पट असतं. रिंग जरा चिकटलेली असेल किंवा डेटोनेशनने (मिक्श्चर आपोआप एकदम भडकल्याने) पिस्टनचा रिंग बसायचा काठ चिरला असेल तर स्टार्टरवर कधी कधी पत्ता लागत नाही.

लीकडाऊन करून घ्या. इंजिन गरम, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला वर, प्लगच्या भोकातून ठरलेल्या प्रेशरची हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. जुन्या इंजिनात दहा-पंधरा टक्के मी मनावर घेत नाही, तीसच्या पुढे गेलं तर मात्र विचार करायचा. टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे हवा कुठून येते ते कान लावून ऐकणं: ऑइलच्या झाकणातून फुसफुस म्हणजे रिंगा-बोअर, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. आणि क्रँक पुलीवर पाना तसाच लावून हवा सोडू नका, पिस्टन जरा जरी पुढे-मागे असला तरी हवेने इंजिन फिरतं आणि पाना हातावर बसतो.

टॉर्कवाला:
बरं मान्य, पण एवढं सगळं करण्यापेक्षा कॅच कॅन (ब्रीदरमधलं ऑइल पकडणारा डबा) लावून ब्रीदर बाहेर सोडला तर? प्रेशर पण गेलं, इनटेक पण स्वच्छ.

तेलकट_हात:
निदान होईपर्यंत नको. व्हॉल्व्हमधून बूस्ट आत येत असेल तर कॅच कॅन लावून तुम्ही फक्त टर्बोची हवा ऑइलच्या वाफेसकट बाहेर फेकणार, गाडी ओढायला कमीच वाटेल. शिवाय ब्रीदर काढून टर्बोच्या बाजूचं तोंड उघडं राहिलं तर एअरफ्लो सेन्सरने न मोजलेली हवा आत जाते, मिक्श्चर बिघडतं. बारीक पाइपचा, आत नुसता रिकामा असलेला कॅन तर स्वतःच अडथळा होतो. आणि एक्झॉस्टची तपासणी असते तिथे उघडा ब्रीदर चालत नाही, ते वेगळंच.

बूस्टगेज:
सगळ्यांचे आभार, नळीचा प्रयोग केला. आयडलला ४ सेंटिमीटर निगेटिव्ह, म्हणजे ओढतंय. हलक्या पायाने पण निगेटिव्ह. बूस्ट चढायला लागला तसं पाणी दुसऱ्या बाजूला गेलं आणि पूर्ण खेचल्यावर २० च्या पुढे जाऊन नळीतून बाहेरच उडालं, शेजारच्याची पँट ओली. म्हणजे प्रेशर नक्की आहे आणि बूस्टबरोबरच येतंय. आता पुढे व्हॉल्व्ह कसा तपासू? फुंकून?

तेलकट_हात:
हो, काढून फुंका, पण स्वच्छ नळी लावून, तोंडात ते ऑइल घेऊ नका. क्रँककेसच्या बाजूने फुंकलं तर हवा जायला हवी, मॅनिफोल्डच्या बाजूने अजिबात नाही. फुंकून बंद वाटला तरी गरम झाल्यावर आणि बूस्टच्या प्रेशरला गळू शकतो, त्यामुळे खरी टेस्ट अशी: मॅनिफोल्डकडे जाणारा बारीक पाइप काढून दोन्ही तोंडं बुचाने पक्की बंद करा, क्लॅम्प लावा नाहीतर बूस्टला बूच उडेल. जाड ब्रीदर आहे तसाच ठेवा. परत नळी लावून तीच चक्कर. रीडिंग खाली आलं तर व्हॉल्व्ह दोषी. तसंच राहिलं तर ब्रीदर इंजिनकडून सोडा, तोंड एका बाटलीत सोडा, टर्बोच्या बाजूचं तोंड बंद करा आणि परत बघा. आता प्रेशर गेलं तर पुढे कुठेतरी बुजलंय. तरीही राहिलं आणि पाइपमधून भसाभसा गॅस येतोय, तर मग लीकडाऊन आणि टर्बो. टर्बोचे शाफ्ट सील खरंच गेले असतील तर बूस्टची हवा आणि एक्झॉस्टचा गॅस ऑइलच्या ड्रेन पाइपमधून खाली येऊन अगदी हेच लक्षण दाखवतो, म्हणून टर्बो यादीतून काढलेला नाही, फक्त शेवटी ठेवलाय.

जुना_डिझेल:
विषय पेट्रोलचा आहे तरी कोणी डिझेलवाला इथे येऊन वाचेल म्हणून लिहितो. डिझेलमध्ये थ्रॉटलचा व्हॅक्यूम नसतो म्हणून ब्रेकसाठी इंजिनवर व्हॅक्यूम पंप असतो आणि तो ओढलेली हवा इंजिनच्या आतच सोडतो. ब्रेक सर्वो किंवा व्हॅक्यूमचा एखादा पाइप फाटला तर पंप सतत बाहेरची हवा ओढून क्रँककेसमध्ये भरत राहतो आणि सगळे म्हणतात बॅक कॉम्प्रेशन आलं. पंपाचा पाइप काढून तोंड बंद करून आयडलला तपासा, तसं करून गाडी चालवायची नाही, ब्रेकला सर्वो नसतो.

लीकडाऊन:
बूस्टगेज, सेपरेटर काढाल तेव्हा त्याचा खाली संपकडे जाणारा ड्रेन पण बघा. वेगळं झालेलं ऑइल तिथूनच परत जातं, तोच बुजला तर सेपरेटर भरतो आणि सगळं ऑइल ब्रीदरमधून टर्बोकडे. काही इंजिनांत हा डबा शोधायलाच वेळ लागतो, व्होल्व्होच्या जुन्या पाच सिलिंडर टर्बोमध्ये तो इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला असतो, मॅनिफोल्ड काढल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोणी बघतच नाही.

बूस्टगेज:
अपडेट. बारीक पाइप बंद करून चक्कर मारली तर रीडिंग २० च्या पुढून ७ वर आलं. म्हणजे व्हॉल्व्ह गळतोय पण तेवढंच नाही. व्हॉल्व्ह काढून फुंकला, दोन्ही बाजूंनी हवा जाते, आतली चकती तिरकी होऊन अडकली होती. जाड ब्रीदर बाहेरून एकदम धडधाकट, पण वाकणावर बोटाने दाबला तर आत मऊ, कापून बघितलं तर आतला रबराचा थर सुटून भोकात आडवा आलेला, पेन्सिल जाईल एवढीच वाट. सेपरेटरमध्ये दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर आणि त्याखाली काळा गाळ. हेड गॅस्केट तर नाही ना गेलं?

तेलकट_हात:
साय फक्त सेपरेटर आणि झाकणाखाली असेल, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर ती बहुतेक वाफेच्या पाण्याची. छोट्या छोट्या चकरा मारल्या, इंजिन पूर्ण तापलंच नाही की पाणी उडून जात नाही. कूलंटवर लक्ष ठेवा म्हणजे झालं.

व्हॉल्व्ह नवा, ब्रीदर नवा, तो पण ऑइलला टिकणारा घ्या. साधा पाण्याचा रबरी पाइप ऑइलच्या वाफेने फुगतो आणि परत हेच. सेपरेटर साफ होत नसेल तर बदला. एअर फिल्टर घाण असेल तर तोही, फिल्टर बुजला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ब्रीदरमधून ऑइल जास्त खेचलं जातं. आणि आतला गाळ बघून फ्लश टाकायचा मोह होईल, तो आवरा. सुटलेला गाळ संपमधल्या जाळीवर बसला की ऑइल पंपाला ऑइल मिळत नाही आणि मग खरंच इंजिन काम निघतं. संप काढून जाळी साफ करा, नंतर चांगलं ऑइल घालून पुढचे काही बदल लवकर करा.

बूस्टगेज:
सगळं बदललं, संप पण काढला, जाळी अर्धी बुजलेली होती. आता आयडलला ६ निगेटिव्ह आणि पूर्ण बूस्टला १ च्या आसपास. डिपस्टिक जागेवर. लीकडाऊन पण करून घेतलं, सगळ्यात वाईट सिलिंडर १४ टक्के. निळा धूर पहिले काही दिवस होता, आता दिसत नाही. टॅपेट कव्हर कोरडं. मागच्या सीलमधून मात्र अजून ओल येतेय, थेंब नाही पण ओल. गिअरबॉक्स उतरवू का?

लीकडाऊन:
नुसत्या सीलसाठी आत्ताच नको. सांधा डिग्रीजरने धुवा, कोरडा करा आणि चालवत राहा, आधीचं साचलेलं ऑइल बरेच दिवस निथळत असतं. प्रेशरने सीलचा ओठ उलटला असेल तर थेंब परत सुरू होतील, तेव्हा क्लचच्या कामाबरोबर सील घालून टाका.

टॉर्कवाला:
आणि तो कापलेला ब्रीदर फेकू नका, फोटो टाका इथे.