सुप्त मन, अंतर्मन, अबोध मन, नेणीव : एकच की वेगवेगळे?

प्रश्न : मानसशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणते आहे. मूळ लेखात 'अनकॉन्शस' आणि 'सबकॉन्शस' हे दोन्ही शब्द येतात. मराठीत सुप्त मन, अंतर्मन, अबोध मन, अवचेतन, नेणीव असे पर्याय वाचनात येतात, पण लोक ते सरमिसळ वापरतात. कुठे कोणता घ्यावा?

उत्तर : या पाच शब्दांचे अर्थ वेगवेगळे आहेत. ते एकमेकांच्या जागी घातले की विधानच बदलतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'अंतर्मन' आधी बाजूला काढा. 'माझं अंतर्मन सांगत होतं' असं आपण म्हणतो तेव्हा तो आतला आवाज असतो, बराचसा सदसद्विवेकबुद्धीजवळचा. तो सांगतो आणि आपण ऐकतो, म्हणजे तो जाणिवेच्या बाहेर नाहीच. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्या अनकॉन्शसमधला मजकूर आपल्याला थेट ऐकू येत नाही, आणि कुणी तो समोर आणून ठेवला तर बहुतेकदा आपण तो नाकारतो. तिथे 'अंतर्मन' लिहिलं तर अर्थ जवळजवळ उलटा होतो.

'सुप्त मन' सगळ्यांत रुळलेला शब्द आहे आणि माझ्या मते सगळ्यांत दिशाभूल करणाराही. सुप्त म्हणजे झोपलेलं. सुप्त गुण म्हटलं की ते जागे करायचे असतात, हे ओघानेच येतं. त्यामुळे 'सुप्त मनाची अफाट शक्ती जागवा' यासारखी वाक्यं मराठीत सहज खपून जातात आणि त्यांना मानसशास्त्राचा आधार आहे असं वाटत राहतं. फ्रॉइडच्या कल्पनेत झोपेला जागाच नाही. १९०० साली स्वप्नांवरचा त्याचा ग्रंथ आला. तेव्हापासून तो सांगत होता की दडपलेल्या इच्छा अखंड काम करत असतात, आणि स्वप्नांतून, बोलण्यातल्या चुकांतून, विसरण्यातून वाट काढतात. त्याचे सिद्धान्त पटोत न पटोत, पण त्याला 'झोपलेलं मन' म्हणायचं नव्हतं एवढं नक्की.

'अबोध मन' फ्रॉइडसाठी योग्य. एक अडचण आहे : 'अबोध बालक' म्हणताना त्या बालकाला बोध नसतो, तर 'अबोध मन' म्हणताना त्या मनाचा बोध आपल्याला नसतो. पहिल्यांदा शब्द येईल तिथे एका वाक्यात हे सांगून टाका.

'अवचेतन' हा 'सबकॉन्शस'साठी ठेवा. हा मूळ शब्द फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने याने १८८९च्या आपल्या प्रबंधात वापरला. फ्रॉइडनेही सुरुवातीला तो वापरला, पण नंतर टाकून दिला. १९२६मध्ये त्याने कारण दिलं ते असं : हा शब्द वापरणाऱ्याला जाणिवेच्या खालचा थर म्हणायचा आहे की जाणिवेखाली दडलेली दुसरी जाणीव, हेच कळत नाही. ही शंका मला फार मोलाची वाटते. तेव्हा जाने आला की अवचेतन, फ्रॉइड आला की अबोध.

'नेणीव' माझ्या सर्वांत आवडीचा. 'जाणीव नेणीव भगवंतीं नाहीं' हे हरिपाठातलं वचन आठवत असेल. तिथे नेणीव म्हणजे न जाणणं, अज्ञान. समीक्षकांनी तोच शब्द स्विस मानसशास्त्रज्ञ युंगच्या संदर्भात 'सामूहिक नेणीव' (सगळ्या मानवजातीला समान असलेली) असा वापरला आणि तो चांगला बसला. त्याचा मोठा गुण म्हणजे त्यात 'मन' नाही. 'सुप्त मन', 'अबोध मन' म्हटलं की आपल्या आत दुसरं कुणीतरी राहतं, त्याला हुकूम देता येतो, त्याच्याकडून कामं करून घेता येतात असं चित्र उभं राहतं. नेणीव ही अवस्था आहे, ती कुणी व्यक्ती नव्हे.

आणखी एक. लेखात स्मृतीवरचे प्रयोग आले तर तिथे यांपैकी काहीच घालू नका. स्विस मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद याने १९११मध्ये एका स्मृतिभ्रंशाच्या रुग्ण स्त्रीची हकिकत लिहिली. हातात टाचणी लपवून त्याने तिच्याशी हस्तांदोलन केलं. नंतर तिला ती घटना आठवत नव्हती, तरी पुन्हा हात पुढे केल्यावर तिने आपला हात मागे घेतला, आणि का घेतला ते तिला नीट सांगता येईना. इथे दडपलेली इच्छा नाही की गूढ शक्ती नाही. याला 'अव्यक्त स्मृती' म्हणावं.

पुरवणी प्रश्न : मग सरळ 'चित्त' का म्हणू नये? योगसूत्रांत हे सगळं आधीच आलेलं आहे ना?

उत्तर : काही आलेलं आहे, सगळं नाही. योगातले 'संस्कार' आणि 'वासना' म्हणजे आत्ता जाणवत नसलेले, पण पुढे फळणारे ठसे. हे साम्य खरं आहे आणि ते जरूर दाखवावं. पण ते ठसे मागच्या जन्मांतूनही येतात, आणि योगाचं उद्दिष्ट चित्तवृत्तींचा निरोध हे आहे, त्यांचा अर्थ लावणं हे नाही.

त्याहून मूलभूत फरक 'मन' या शब्दातच आहे. सांख्यांच्या मते मन हे अकरावं इंद्रिय, प्रकृतीतून आलेलं, म्हणून जड. चैतन्य पुरुषाचं, म्हणजे प्रकृतीहून वेगळ्या आत्मतत्त्वाचं. त्या चौकटीत 'चेतन मन' हाच शब्दप्रयोग टिकत नाही, मग 'अचेतन मन' कुठून येणार? नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, विचार आणखी निराळा : सगळी ज्ञानं एकाच वेळी होत नाहीत, यावरून ते मनाचं अनुमान करतात आणि मन अणुएवढं मानतात. आज ज्याला आपण अवधान म्हणतो त्याच्या हा विचार किती जवळ जातो! या दर्शनांचा मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांना फ्रॉइडच्या आवृत्त्या करणं मला खटकतं.

आणखी एक प्रश्न : 'परामानसशास्त्र' याला शास्त्र म्हणायचं का?

उत्तर : परामानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं किंवा पुढचं कळणं अशा अतींद्रिय अनुभवांचा अभ्यास. नाव म्हणून त्याला शास्त्र म्हणायला हरकत नाही. घोळ 'शास्त्र' शब्दाच्या दोन अर्थांचा आहे. संस्कृतात शास्त्र म्हणजे नियमबद्ध विद्या, त्यात प्रयोगाची अट नाही. मराठीत मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांमुळे तोच शब्द 'सायन्स'चंही वजन वाहतो. 'शास्त्राने सिद्ध झालं आहे' असं कुणी म्हटलं की कोणतं शास्त्र, हे विचारायलाच हवं.

मानसशास्त्र आणि परामानसशास्त्र या दोघांचा इतिहास मात्र गुंतलेला आहे, तो लपवू नका. लंडनमध्ये १८८२ साली अतींद्रिय अनुभवांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन झाली. तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स तिचा अध्यक्ष होता, आणि अबोधावरचा फ्रॉइडचा एक लेख १९१२मध्ये तिच्याच कार्यवृत्तात छापून आला. युंगचा १९०२चा प्रबंधही तथाकथित गूढ घटनांवर होता. पुढे १९३०च्या दशकात जे. बी. ऱ्हाइनने अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात न पाहता पत्ते ओळखण्याचे प्रयोग केले. अलीकडे २०११मध्ये डॅरिल बेम याने भविष्याची चाहूल लागते असा निष्कर्ष काढणारे नऊ प्रयोग एका मान्यवर नियतकालिकात छापले. इतरांनी ते पुन्हा करून पाहिले तेव्हा तसे निकाल आले नाहीत. त्या वादाने मानसशास्त्रज्ञांना स्वतःच्या पद्धती तपासायला भाग पाडलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

लेखात 'परामानसशास्त्राचे दावे', 'परामानसशास्त्रातील प्रयोग' असं लिहा. 'परामानसशास्त्राचे शोध' मात्र लिहू नका, कारण शोध म्हटलं की ती गोष्ट होती आणि ती सापडली, असं तुम्ही आधीच मान्य केलेलं असतं.